पेट्रोलच्या चकतीवरची अक्षरं

युद्धाच्या काळात जळगावला आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे यजमान मोटारी दुरुस्त करत. विलायतेहून नवे भाग येणं बंद झालं होतं, त्यामुळे जुन्यालाच जगवायचं, असे ते दिवस. त्या शेडमध्ये बाईमाणसाचं काय काम, असं मलाही वाटायचं. पण धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंची मोटार आली आणि माझं ते वाटणं पार बदललं.

बाई बाळंतपणांसाठी खेडोपाडी जायच्या. त्यांच्या नव्या ड्रायव्हरने हौसेने मोटारीचा कानाकोपरा राख-चिंचेने घासून लख्ख केला होता. त्यात पेट्रोलच्या कॉकभोवतीची रुपयाएवढी काळी चकतीही घासली गेली आणि तिच्यावरची पांढरी इंग्रजी अक्षरं साफ गेली. कॉक कुठे फिरवला की पेट्रोल बंद, कुठे चालू आणि कुठे टाकीच्या तळचं राखीव, काही कळेना. दोनदा त्या भर रस्त्यात अडकल्या होत्या. एकदा तर अडलेली बाई वाट बघत असताना.

यजमानांनी चकती काढून माझ्या हातात दिली. "तुझे वडील कापसाच्या गठाणींवर छापे मारायचे ना? बघ, काही दिसतंय का."

वडिलांच्या छाप्यांवरून मला इंग्रजी अक्षरांची वळणं पाठ होती. अर्थ मात्र थोडाच कळे. मी चकती उन्हात धरली, तिरकी धरली. नुसतं काळं! सासूबाई शेजारी ज्वारी निवडत होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "बठ्ठं पुसाई गयं शे. आते काय लिखशी?"

धूळ पुसावी म्हणून मी चकतीवर तोंडाची वाफ सोडली, आणि ओरडलेच! वाफेत अक्षरं उमटली होती. रंग होता तेवढी जागा वेगळी धुकटली होती. एक गोल ओ, त्यामागे दोन एफ... आणि बघता बघता सगळं विरून गेलं.

"अहो, धावा! दिसतंय!"

हातातला पाना टाकून ते आले. मी पुन्हा वाफ सोडली. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघत राहिलो. मग मी शिवणाची सुई घेतली. वाफ सोडायची आणि ती विरायच्या आत अक्षराच्या कडेला बारीक ठिपका टोचायचा. घसा कोरडा पडला की पाणी पिऊन पुन्हा सुरू. सासूबाई निवडणं सोडून तांब्या धरून बसल्या. तिसऱ्या शब्दाचा शेवट काही केल्या उमटेना. तेव्हा यजमानांनी नळीखाली बाटली धरून कॉक तिन्ही बाजूंना फिरवून पाहिला. एकीकडे थेंब नाही, दुसरीकडे धार, आणि टाकीतलं पेट्रोल खाली जाऊन ती थांबल्यावरही तिसरीकडे धार चालूच!

"हे राखीव. म्हणजे रिझर्व्ह," ते म्हणाले. पेट्रोल पंपावरच्या कारकुनाकडून त्यांनी त्याचं स्पेलिंग लिहून आणलं. माझ्या ठिपक्यांशी ते जुळलं आणि मला हसूच आवरेना.

सफेत्याची पांढरी पूड जवसाच्या तेलात खलली. खारीच्या शेपटीच्या चार केसांचा कुंचला बांधला. पहिल्यांदा रंग पातळ झाला आणि ओ फुगून लाडू झाला. टर्पेंटाइनने पुसला, पुन्हा लिहिला. दुसऱ्या खेपेला मनगट पाटावर टेकवलं, श्वास रोखला. आर लिहून होईपर्यंत घरात कोणी शिंकलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई मोटार न्यायला आल्या. चकतीवर बोट फिरवत म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं?"

यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग बसा पुढे. नशिराबादला पेशंट बघून येऊ."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जाय ना! पदर नीट खोस."

बाई स्वतःच मोटार चालवत होत्या. वारा तोंडावर येत होता, मला काय करू नि काय नको असं झालं होतं. परतताना मोटार आचके देऊ लागली. बाई म्हणाल्या, "तुम्हीच फिरवा आता."

मी माझ्याच हाताने लिहिलेल्या 'रिझर्व्ह'कडे कॉक वळवला. क्षणभर काहीच नाही. मग इंजिनाने एक गचका दिला आणि ते पुन्हा सुरळीत धडधडू लागलं. आम्ही दोघी मुलींसारख्या ओरडलो. रस्त्याकडेचा गाडीवान बैल थांबवून बघतच राहिला.

त्यानंतर चोपड्याच्या बसवाल्याने तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाची पुसट झालेली तबकडी आणली, सावद्याच्या एका केळीवाल्याने दिव्यांच्या बटणाची पट्टी. यजमानांनी शेडमध्ये, जिथे सकाळचं ऊन पडतं तिथे, माझ्यासाठी एक टेबल ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या उरकल्यावर मी तिथे जाऊन बसले, आणि पहिलीच वाफ सोडली तर तबकडीवर काट्याखाली एक चिमुकला आकडा दिसला.