नाळेचा ठोका

पहिलं मूल पोटातच गेल्यापासून मी देवापुढे हात जोडायचे, पण मागत काही नव्हते. मागून काय होतं ते एकदा पाहिलं होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट, आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, सणाला धुळ्याकडे सासरी गेले आणि गडबडीत बैलाचं दावं ओलांडलं. गरोदर बाईनं दावं ओलांडलं की नाळ बाळाच्या गळ्यात पडते, असं आमच्याकडे समजतात. चुलतसासूबाईंनी पाहिलं आणि नुसता कपाळाला हात लावला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

नवव्या महिन्यात सोनोग्राफीत नेमकं तेच निघालं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा. मी तिथेच रडायला लागले. आमच्या डॉक्टरीणबाई स्वभावानं तिखट. आधी रडून घ्या म्हणाल्या, मग समजावलं. दाव्याचा काही संबंध नाही, बाळ पाण्यात कोलांट्या मारतं, असे वेढे पुष्कळदा पडतात. ते नाकातोंडानं श्वास घेतच नाही. हवा आणि अन्न नाळेतूनच मिळतं. एक शीर आणते, दोन परत नेतात आणि भोवती जेलीसारखा थर असतो, म्हणून सहसा त्या दबत नाहीत. ही नाळ पहिल्या दोन महिन्यांतच तयार होऊ लागते हे ऐकून मी चाट पडले. तेव्हा तर दिवस गेल्याचं मलाही धड कळलं नव्हतं! मी फक्त दोन घास खात होते, पुढचा सगळा संसार कुणीतरी चालवत होतं. हे पटलं, पण भीती काही गेली नाही.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरीणबाईंनी मला डाव्या कुशीवर वळवलं आणि सुधारलं नाही तर ऑपरेशन, असं सांगून तयारीला गेल्या. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर, सासूबाई गावी. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई उठून आली. ओळख ना पाळख, पण तिनं माझा हात हातात घेतला.

मी म्हटलं, "अक्का, माझ्या हातात काहीच नाही हो."

"तुन्हा हातमा कधी व्हतं, माय? कानबाई शे, ती बठ्ठं देखी ऱ्हायनी."

सगळं ती बघतेय म्हटल्यावर मीच सांभाळायचा हट्ट सोडला. बाळाला जगव असंसुद्धा म्हटलं नाही. तुझं आहे, तू बघ, एवढंच म्हटलं. डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा ठोके सुधारले होते. कूस बदलल्यानं, त्या म्हणाल्या. असेलही.

अशा गोष्टींत धावून आलेलं माणूस पुढे सापडत नाही म्हणतात. माझी अक्का सापडली. संध्याकाळी लेकीच्या खाटेवर बसून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी खात होती, आणि मी पाया पडायला उठू लागले तर मलाच रागावली. तिचे उपकार मी विसरणार नाही, आणि कानबाईचेही.

त्याच रात्री मुलगी झाली. डोकं बाहेर येताच डॉक्टरीणबाईंनी वेढा माळेसारखा अलगद काढला, तिला माझ्या पोटावर ठेवलं आणि कापायच्या आधी माझं बोट नाळेवर टेकवलं. नाळ उडत होती. मला वाटलं, हे माझंच काळीज. त्या म्हणाल्या, हे ठोके तिचे. मीच तिला धरून ठेवलंय असं मी इतके महिने समजत होते. बोटाखालचा ठोका हळूहळू मंदावला आणि थांबला, आणि मला भीती वाटली नाही. लेक माझ्या पोटावर जोरजोरात रडत होती.