फुलातला मामा

आमच्या शेजारी लडकू विशे राहतो. गेल्या चार वर्षांत त्याच्या हातून एकही चूक झालेली नाही. असं तोच सांगतो. त्याआधीची त्रेपन्न वर्षं मात्र त्याने तुमच्या-आमच्यासारखीच काढली: धडपडत, विसरत आणि पारूवहिनीची बोलणी खात.

हा चमत्कार घडला वाशिंदच्या एका कारखान्यात. लडकू तिथे पॅकिंग खात्यात होता. कामगारांचं टेन्शन कमी करायचं म्हणून कंपनीने मुंबईहून एक मॅडम बोलावली. बाकीचे सामोसा खाऊन मागच्या दाराने सटकले. लडकू दुसऱ्या सामोशाच्या आशेने बसून राहिला आणि सापडला. मॅडमने त्याच्या हातात तळहाताएवढा पांढरा कागद आणि बारीक टोकाचं काळं पेन दिलं. कागदावर चौकोन काढायचा, त्यात वेडीवाकडी रेघ मारून खण पाडायचे आणि एकेक खण एकेका नक्षीने भरत जायचं. पेन्सिल नाही, पट्टी नाही, खोडरबर तर नाहीच. "रेघ चुकली तर घाबरू नका," मॅडम म्हणाली, "तिच्यातूनच पुढची नक्षी काढा. इथे चूक नावाची गोष्टच नसते."

बिचारी त्या कागदाबद्दल बोलत होती. लडकूला वाटलं, सगळ्या जगाबद्दल बोलतेय.

तेव्हापासून त्याच्या घरातला कोरा कागद संपला. कॅलेंडरच्या पाठी भरल्या, गॅसचं पुस्तक भरलं, पारूवहिनीच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट दोन्ही बाजूंनी भरलं. ओट्यावर खुर्ची टाकून, नाकावर एकावर एक दोन चष्मे चढवून तो बसतो. पेनं काचेच्या पेल्यात उभी, जाडीप्रमाणे ओळीने. त्या पेल्याला हात लावलेला त्याला चालत नाही. घरातल्या देवालासुद्धा एवढं सोवळं नाही. रेघ ओढताना त्याच्या जिभेचं टोक बाहेर येतं आणि पेन जिकडे वळेल तिकडे वळतं. नक्ष्यांना त्याने नावंही ठेवलीत. कारवीच्या कुडाची वीण, सारवणाचे फराटे, मासोळीचे खवले, भाताच्या लोंब्या. मला विचाराल तर लोंब्या झुरळाच्या मिशांसारख्या दिसतात आणि सारवण पावसात भिजल्यासारखं. पण हे त्याला सांगायची सोय नाही. तो म्हणतो, "बघणाऱ्याची नजर तयार व्हावी लागते रे."

कागदापुरतं असतं तर आम्ही सोसलं असतं. पण 'चूक नसतेच' हे त्याने घरभर लावलं. न्हाणीची भिंत स्वतः बांधली, ती अशी कलली की साबण ठेवला की घसरून थेट मोरीत. लडकू म्हणाला, हीच तर डिझाईन आहे. आसनगावला पुतण्याच्या साखरपुड्याला गेला आणि शेजारच्या हॉलमधल्या भलत्याच साखरपुड्यात जेवून, नवरानवरीबरोबर फोटो काढून आला. "चूक कसली? चार नवीन माणसं ओळखीची झाली," म्हणाला. पुतण्या अजून बोलत नाही.

पारूवहिनी एकदा मला म्हणाली, "भावजी, त्या मॅडमला एकदा घरी आना. मला तिला जेवाय घालायचंय. मीठ न टाकता."

अशात दिशाचं लग्न ठरलं. दिशा म्हणजे त्याची एकुलती एक पोर, कल्याणला एका दवाखान्यात रक्त तपासते. मुलगा वाशिंदचा, माणसं चांगली, तारीख मेमधली. आणि लडकूने जाहीर केलं, "पत्रिका मी स्वतःच्या हाताने काढणार. छापखान्यातल्या त्या गुलाबी कमळाबिमळाची आपल्याला गरज नाय."

आता आमच्याकडे लग्नाची पत्रिका कोणी वाचत नाही, तपासतात. नवरामुलगा कोण, मुहूर्त कधी, हे मागाहून. आधी आपलं नाव आहे का, कोणाच्या खाली आहे, मागे 'श्री.' लावलाय का, हे बघायचं. आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ एका पत्रिकेतल्या ओळीवरून अकरा वर्षं एकमेकांच्या अंगणात गेलेले नाहीत. असल्या कामात हात घालायचा तर मन शांत, अक्षर मोठं आणि भीती भरपूर हवी. लडकूकडे यातलं काहीच नव्हतं. पेनं होती.

सत्तावीस दिवस तो ओट्यावर बसला. वर गणपती, त्याच्या सोंडेतून एक वेल निघालेली, वेलीला पानं आणि पानापानावर पाहुण्यांची नावं. मी रोज डोकावून विचारायचो, "काय रे, कोंबडीने पाय कुठवर उमटवले?"

"तुझंपन नाव टाकतोय. शेजारी म्हणून," तो मान वर न करता म्हणायचा. म्हणून मी थोडा जपून चिडवायचो.

शेवटचं नाव राहिलं होतं ते मामाचं. पारूवहिनीचा थोरला भाऊ, धसईचा रामू हरड. मामाचं नाव मुद्दाम सगळ्यांत मोठ्या पानावर, मधोमध घ्यायचं होतं. लडकूने जाड अक्षरासाठी मुद्दाम आणलेला टाक काढला, दौतीतली शाई घेतली, 'श्री' लिहिलं आणि टाकातून बदकन थेंब पडला. चिंचोक्याएवढा. बरोबर मामाच्या जागी.

दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारून घेतला असता. लडकूने हसून त्या डागाला आठ पाकळ्या काढल्या, पाकळ्यांत ठिपके भरले, भोवती खवले आणि खवल्यांभोवती लोंब्या. फूल झालं. मग मामाचं नाव दुसरीकडे टाकावं म्हणून बघितलं, तर कागदावर मोहरी ठेवायला जागा नव्हती. रिकामी जागा दिसली की याच्या हाताला खाज सुटते, ती सगळी त्याने आधीच खाजवून घेतली होती.

छापायला देण्याआधी दिशाने पत्रिका बघितली होती. तिने विचारलंही, "पप्पा, मामाचं नाव कुठंय?"

"आहे ना, ते फूल."

"फूल नाय, नाव."

"अगं, बाकीच्यांची नुसती नावं आहेत. मामाला मी फूलच केलं. मान मोठा झाला की नाय?"

दिशाला आठ वाजून काही मिनिटांची गाडी गाठायची होती. ती गेली. आणि शहापूरच्या छापखान्यातून पाचशे पत्रिका छापून आल्या. पाचशे फुलं, मामा एकातही नाही.

पुढचं सगळे माझ्या नावाने सांगतात, म्हणून मीच सांगतो. धसईच्या बाजाराला मी नेहमीच जातो, गावठी तांदूळ तिथे बरा मिळतो. लडकूच म्हणाला, जातोयस तर मामाची पत्रिका देऊन ये. मी देऊन आलो. आता देताना मी एक वाक्य बोललो, हे खरं.

रामूमामा भेंडी नि काकडीचे वाटे मांडून बसला होता. मी पत्रिका हातात दिली आणि म्हटलं, "मामा, तुमचं नाव शोधा बरं. मला तर काय सापडंना."

एवढंच. यात चहाडी कुठे आली?

मामाने हात पुसले, डोळ्यांपासून लांब धरून पत्रिका बघितली. मग जवळ धरली. मग उलटी केली. शेजारी सुकट विकणाऱ्या लहानी आत्याला दाखवली. तिने निरखून विचारलं, "यो काय रे, पापडाच्या पाकिटावरचं छापन हाय का?"

"भाचीची पत्रिका हाय," मामा म्हणाला. मग मला, "मामा कुठंय यात?"

मी फुलावर बोट ठेवलं.

"हे?"

"लडकू म्हणतो, हे तुमीच."

भेंडी घ्यायला आलेली बाई दोनदा भाव विचारून निघून गेली. शेवटी मामाने पत्रिकेतल्या गणपतीला कपाळ टेकवलं आणि पत्रिका माझ्या हातात परत दिली. "देवाच्या पाया पडलो. बाकीचं परत घिऊन जा."

पत्रिका परत आली म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. लग्नाला अकरा दिवस होते. मुलीला हाताला धरून मांडवात आणायचं ते मामाने. पारूवहिनीने परत आलेली पत्रिका बघितली आणि धान्य निवडत होती ते सूप तिथेच टाकून आत गेली. थोड्या वेळाने आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला, कारण ती गप्प राहिली असती तर जास्त वाईट होतं.

संध्याकाळी मामाचा फोन आला, बहिणीला. "दाजींनी हितं यावं नि चुकलो म्हनावं. दुसरं कायपन नको मला. मानपान नको, नवी पत्रिका नको. चुकलो म्हनले की मी आलो."

"मग बोलून टाका ना पप्पा," दिशा म्हणाली. "सॉरी बोला नि विषय संपवा. टाइम नाय आता."

"बोललो असतो," लडकू म्हणाला. "पन चूक झालीच नाय."

"मामा नसंल तर मी मांडवात पाय ठेवनार नाय. सांगून ठेवते."

"त्याला कलेतलं समजत नाय, त्याला मी काय करू?"

पारूवहिनी दारात आली. तिच्या हातात पेनांचा पेला होता. "चुलीत घालू का हा?" असं तिने काही म्हटलं नाही. नुसतीच पेला घेऊन चुलीच्या बाजूला उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. "आनि भावजी, पत्रिका तुमीच नेलीत ना? आता यांनापन तुमीच न्या."

दुसऱ्या दिवशी मी बाईकवर मागे कलाकार बसवून किन्हवलीमार्गे धसईला निघालो. वाटभर तो माझ्या पाठीशी पुटपुटत होता. मला वाटलं, सराव करतोय. नीट ऐकलं तर म्हणत होता, "वेलीचा झोक कसा आलाय ते बघ म्हणावं आधी."

मामा ओट्यावर बसला होता. पाणी दिलं, चहा दिला, तब्येत विचारली. दाजी घरी आले की मान हा ठेवायचाच, रुसवा आपल्या जागी. चहा संपला तसा मामा म्हणाला, "बोला दाजी."

"दादा, ते फूल..."

"फूल ऱ्हाऊ द्या. बोला."

"गैरसमज झाला."

"मला नाय झाला."

"तुमच्या मनाला लागलं, त्याचं मला वाईट वाटतंय."

"वाईट वाटून घेऊ नका. चुकलो म्हना."

"समजा, चुकलं."

"समजा नको. नि चुकलं कोन? शाई चुकली का टाक चुकला?"

मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, कारण मला हसू आवरत नव्हतं. लडकूच्या कपाळावर घाम आला होता. जिभेचं टोक बाहेर आलं होतं, पेन हातात नसताना. सत्तावीस दिवसांत पाच-पन्नास हजार ठिपके काढणारा माणूस, त्याच्याने तीन अक्षरं निघेनात. तो खिशातून कागद काढायला लागला. मी ओळखलं, हा आता लिहून देणार, भोवती वेलबुट्टी काढून. मामानेही ओळखलं.

"कागद ठेवा आत," मामा म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "दाजी, पारूच्या लग्नात माजा बाप नव्हता. मीच तिला हाताला धरून मांडवात आनली. वीस वर्साचा होतो. तिच्या पोरीच्या पत्रिकंत माजं नाव नाय, हे मी गावात कुनाला सांगू?"

लडकूने दोन्ही चष्मे काढून मांडीवर ठेवले.

"चुकलो, दादा," तो म्हणाला.

"झालं," मामा म्हणाला आणि आत हाक मारली, "ए, दाजींना भेंडी बांध घरची!"

परत येताना किन्हवलीच्या अलीकडे लडकूने माझ्या खांद्यावर थाप मारली. "मी 'चुकलो' म्हणायला नको होतं रे. फूल खरंच चांगलं होतं. माझी चूक झाली."

मी बाईक कडेला घेऊन बंद केली. "काय झाली?"

"काय नाय. चल."

"नाय, एकदा परत बोल. काय झाली?"

"भेंडी वाळेल. चल."

लग्नाला मामा आला, फेटा बांधून, दोन दिवस आधीच. दिशाला मांडवात त्यानेच आणली. आणि जेवणावळीत पत्रिका हातात घेऊन पंक्तीतून फिरत होता, "ह्ये मदलं फूल दिसतंय का? ह्योच मी." लहानी आत्याने, पापड तोडत, पुन्हा एकदा नीट बघितलं आणि मान डोलावली.

पारूवहिनीने पेनांच्या पेल्यात एक नवं खोडरबर आणून ठेवलंय. त्याचा कागद अजून फाडलेला नाही. लडकू परत ओट्यावर बसायला लागलाय, जीभ बाहेर काढून, आणि आता जावयाकडे द्यायला दोन हात लांब काहीतरी काढतोय, ज्यात मला अजून एकही ओळखीची वस्तू दिसलेली नाही.

पत्रिका माझ्याकडे आहे. परवा भिंग घेऊन पुन्हा बसलो आणि शेवटी कुंपणावरून हाक मारली, "लडकू, माझं नाव नक्की कुठं टाकलंस?"

"आहे ना," तो मान वर न करता म्हणाला. "डावीकडं बघ. लोंबीच्या खाली, तिसरा ठिपका."