चिरेवरच्या कड्या

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. त्यातला माझा लाडका भाग म्हणजे युरोपातल्या पहिल्यावहिल्या तोफा. पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी होत्या आणि मी दोन तासिका घेत असे. लोखंडाची एवढी मोठी नळी तेव्हा एकसंध ओतता येत नसे. म्हणून लोहार लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या एकमेकींना लावत आणि वरून तापवलेल्या कड्या चढवत. कडी थंड झाली की आवळून बसे. वर्ग माना डोलवी आणि मला वाटे, आपल्यासारखे आपणच.

निवृत्त झालो त्या वर्षी दिवाळीला गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. तिथे धाकटा भाऊ धानाची शेती करतो. पीक कापणीला आलेलं आणि रानडुकरांनी शेताचे तुकडेच्या तुकडे, आमच्याकडच्या बांध्या, उलथून टाकलेल्या. वनखात्यात अर्ज देऊन झाला होता, कुंपणाला जुन्या साड्या बांधून झाल्या होत्या, डबे बडवून झाले होते. डुकरं डबे ऐकत निवांत चरत. जेवणानंतर हाच विषय निघाला, आणि गप्प बसेल तो मास्तर कसला! मी सांगितलं, पहिल्या तोफांचा नेम धड लागत नसे. पण आवाजानेच घोडे उधळत आणि अर्धं काम होऊन जाई. मग नळी कशी बांधत तेही रंगवून सांगितलं.

भाऊ आठवीनंतर शाळेत गेला नाही, पण हाताचा मोठा हुशार. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तो घरीच चढवायचा. गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. त्याने एवढंच विचारलं, आपण धाव चढवतो तशीच का? अगदी तशीच, मी म्हणालो. इतक्या पटकन माझ्या वर्गात कधी कुणाला कळलं नव्हतं. मला कोण आनंद झाला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या नळ्या फुटत. स्कॉटलंडचा एक राजा आपल्याच तोफेजवळ उभा असताना ती फुटली आणि तो जागच्या जागी गेला. वर्गात हे मी शेवटी सांगायचो, घंटा व्हायच्या बेताला, म्हणजे पोरं तोंडाचा आ करून बाहेर पडत. त्या दुपारी भावजयीने चहा आणला आणि गोष्ट तिथेच तुटली.

चार दिवसांनी भावाने मला खळ्यावर बोलावलं. मोटारपंपाचा जुना लोखंडी पाइप होता आणि त्यावर मोडक्या गाडीच्या चाकांच्या मधल्या तुंब्यांवरच्या चार लहान कड्या चढवलेल्या. पाइपाला एका अंगाने बारीक चीर गेली होती. ती त्याने स्वतःच दाखवली, कौतुकाने. चिरलेलं चाक धावेच्या जोरावर वर्षानुवर्षं चालतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच भरवशावर त्याने नेमक्या चिरेवर कड्या घातल्या होत्या आणि आत फटाक्यांची दारू ठासली होती.

चाकावर भार बाहेरून येतो, दारूचा आतून. हे मला त्या क्षणी कळलं. मी तोंड उघडलंही. पण त्याचा चेहरा पाहिला. माझ्या विद्येतून त्याने जन्मात पहिल्यांदा काही केलं होतं, आणि त्याला नाव ठेवायला माझी जीभ वळेना. मी चार पावलं मागे सरकलो. तेवढं मात्र न विसरता केलं.

आवाज झाला तेव्हा माझ्या अंगावर फक्त धूळ आली. धूर विरला तर भाऊ जमिनीवर बसलेला. उजवा हात डाव्या हातात धरून तो त्याच्याकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. गोंदियाच्या दवाखान्यात तीन बोटं काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला. तक्रार कसलीच नव्हती. कापणी कोण करील, विळा धरता येईल का, एवढीच काळजी. मग त्याने विचारलं, "दादा, त्या लोकायच्या फुटत नोहत्या का?"

मी सलाइनची नळी उगाच सरळ केली.

"नाई," मी म्हणालो. "मी तं कुठी वाचलो नाई."

"मंग माह्याच हाताची चूक झाली," तो म्हणाला, आणि डोळे मिटून पडला.

तीस वर्षांत वर्गात मी एक सनसुद्धा कधी चुकीचा सांगितला नव्हता. सख्ख्या भावाला सांगितला तो इतिहास मात्र खोटा. मला त्याची लाज वाटते. त्याची बोटं गेल्याच्या दुःखापेक्षा ही लाज मोठी आहे, आणि असं लिहितानाही कळतं की हात माझा नव्हता.

याला सहा वर्षं झाली. दर दिवाळीला खरं सांगायचं ठरवून जातो आणि फराळ करून परत येतो. गावातले लोक त्याला चिडवतात, मास्तरच्या नादी लागला नि बोटं गमावून बसला म्हणतात. तो त्यांच्याशी भांडतो. दादाने बरोबर सांगितलं होतं, माझ्याच बांधणीत कसर राहिली, असं काकुळतीने सांगतो. मी तिथेच खाटेवर बसलेला असतो.

यंदा कापणी चालू असताना गेलो. तो डाव्या हाताने विळा चालवत होता. आभाळ भरून आलं होतं, आणि धान आज बांधायचं की उद्यावर टाकायचं, यावर मजुरांचा वाद जुंपला होता. शहरात पावसाचा काय अंदाज सांगितलाय, असं एकीने मला विचारलं. पाऊस उद्यापर्यंत येणार नाही असं ऐकल्याचं मी सांगितलं. तिला काही पटेना. तेव्हा भावाने कंबर सरळ केली आणि तिला म्हणाला, "आयक त्याचं. माहा दादा खोटं नाई बोलत."