सिस्टरचा स्टीलचा डबा

“तोंड खोटं बोलतं बाय, लघवी नाही बोलत.”

आमची सिस्टर प्लास्टिकचा कप खिडकीच्या उजेडात धरायची, चष्म्यावरून एकदा कपाकडे आणि एकदा कप देणाऱ्याकडे बघायची आणि हे वाक्य टाकायची. समोर पंजाबी ड्रायव्हर असो नाहीतर केरळचा स्टोअरकीपर, वाक्य मराठीतच. त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण कप ठेवून सगळेच दाराकडे सरकत.

दुबईत, जबेल अलीच्या पुढे, आमच्या कंपनीचं यार्ड आहे. आम्ही क्रेन भाड्याने देतो. क्रेन चालवणारा शुद्धीवर असावा म्हणून आमच्याकडे माणसांची लघवी तपासतात, आणि ते काम सिस्टरचं. सिस्टर म्हणजे यार्डातल्या दवाखान्याची नर्स. वसईची, पन्नाशीची, ठेंगणी, चष्म्याला साखळी लावलेली. मी मिरजेची, त्याच यार्डात एचआरची पत्रं टाइप करते. दोघी इंटरनॅशनल सिटीत राहायचो आणि एकाच कार लिफ्टने, महिन्याच्या भाड्याच्या सामायिक गाडीने, यायचो-जायचो. म्हणजे रोजचे दोन तास आम्ही मागच्या सीटवर मांडीला मांडी लावून बसत होतो. एखाद्या माणसाशेजारी असं बसलात की त्याचा राग किती दिवस टिकतो ते तुम्हालाही नीट कळतं.

तपासणी साधी असते. कपात पट्टी बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर माणूस सुटला, एकच उमटली तर अडकला. आणि इथे अडकला म्हणजे नुसती नोकरी जात नाही. गांजा तुम्ही कुठे ओढलात, सुट्टीत ओढलात की कामावर, हे इथे कोणी विचारत नाही. तो तुमच्या अंगात इथे सापडला की पोलीस, मग तुरुंग, आणि बऱ्याचदा कायमची घरवापसी.

सिस्टरचा नवरा आमच्याकडेच क्रेन ऑपरेटर होता. वीस वर्षं केबिनमध्ये बसून त्याची पाठ गेली होती. महिनाभराच्या सुट्टीवर वसईला गेला, तिथे शाळेतले जुने दोस्त भेटले, आणि संध्याकाळी वाडीत बसून ओढू लागला. पाठ दुखायची थांबली, झोप लागायला लागली. परत आला तेव्हा खिशात, बॅगेत काही नव्हतं. जे होतं ते रक्तात.

आल्यावर पाचव्या दिवशी त्याने एका साइटवर वारा फार आहे म्हणून लोड उचलायला नकार दिला. क्लायंटसमोर. आमच्या सेफ्टी मॅनेजरला ते झोंबलं. हा गृहस्थही आपल्यातलाच, मराठी. गणपतीत ढोल वाजवणारा, महाराष्ट्र दिनाला फेटा बांधून भाषण ठोकणारा, राहायला जुमेरा लेक टॉवर्समध्ये. आठव्या दिवशी तपासणीच्या यादीत सिस्टरच्या नवऱ्याचं नाव आलं. यादी कॉम्प्युटर काढतो, असं मॅनेजर म्हणाला. तो कॉम्प्युटर त्याच्याच टेबलावर होता.

नर्स एकच, त्यामुळे नवऱ्याचा कप बायकोनेच घेतला. तो तिच्याकडे बघत राहिला. शेजारी दुसऱ्याचा कप होता. पट्टी त्यात बुडवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने नाही बुडवली. पुढे एकदा गाडीत मला म्हणाली, “आपल्या माणसाचा कप बदलला, की मग आजवर घेतलेले सगळेच कप खोटे.” पट्टीवर एकच रेघ आली.

मग मॅनेजर आला. दार लावून मऊ आवाजात म्हणाला, “सिस्टर, घाबरू नका. भाऊंना जे झालं ते फॉर्मवर लिहून द्यायला सांगा. गावाला, पाठीसाठी, असं सगळं खरं लिहा. मी आहे ना. आपल्यात राहील.”

आणि सिस्टरने नवऱ्याला सांगितलं, “लिही. साहेब आपला माणूस आहे.”

त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि पोलिसांना पत्र तयार करायला सांगितलं. ‘कर्मचाऱ्याने लेखी कबुली दिली आहे’ हे वाक्य मी टाइप केलं. चार वाजता गाडी आली आणि सिस्टरच्या नवऱ्याला घेऊन गेली. तो काही महिने आत राहिला, मग तिथूनच विमानात बसवला. परत पाय ठेवायची सोय नाही.

माझं म्हणणं होतं की मी टाइपिस्ट आहे, मला सांगितलं ते मी केलं. सिस्टरने त्यावर मला कधी एक शब्द ऐकवला नाही. मी वाट बघत राहिले, की कधीतरी शिव्या घालेल आणि मग म्हणेल, जाऊ दे बाय. शिव्याही नाहीत आणि जाऊ देही नाही. गाडीत शेजारी बसायची, डब्यातला सुका बोंबील मला द्यायची, माझ्या पोरीच्या तापाची चौकशी करायची. पण ते दोन शब्द नाहीत. मला तेच हवे होते, आणि ते मिळवण्यासाठी पुढची चार वर्षं मी काय वाटेल ते केलं.

सगळ्यांना वाटलं ती नोकरी सोडून वसईला जाईल. गेली नाही. “मी का जाऊ? ज्याने जायला पाहिजे तो जाऊ दे.” चर्चमधले फादर तिला समजवायला आले होते. तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, “फादर, तुम्ही करा माफ. तुमचा नवरा गेला नाही.”

मग तिने डबा काढला. कॉम्प्युटरच्या यादीत फक्त कामगारच कसे येतात, अशी कुरकुर यार्डात सुरूच होती. सिस्टर मीटिंगमध्ये म्हणाली, आमच्याकडे बायका भिशीची चिठ्ठी डब्यातून काढतात, तशी काढू या, कोणाची तक्रार राहणार नाही. सगळे हसले, आणि मान्य झालं. पोळ्यांचा स्टीलचा डबा, त्यात सगळ्यांच्या नावाच्या, मी लिहिलेल्या चिठ्ठ्या, दर सोमवारी सकाळी एक चिठ्ठी. काढणार स्टोअरकीपर, डोळे मिटून.

‘सगळ्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हा प्रश्न होता. आधीच्या नियमात मॅनेजर लोकांना सूट होती. तो नियम मी बदलला. मॅनेजर सहीसाठी आलेले कागद कधी वाचत नसे. मी पिवळी चिकटपट्टी लावायची आणि तो तिच्याशेजारी पेन फिरवायचा. चाळीस कागदांच्या मध्ये नवा नियम घातला. ‘सर्व कर्मचारी, पदाचा अपवाद न करता.’ सही झाली. मी कागद नाचवत दवाखान्यात गेले. सिस्टरने तो वाचला, फाइलला लावला आणि म्हणाली, “बरं.”

नुसतं बरं. मी रागाने दोन दिवस गाडीत पुढच्या सीटवर बसले.

आता गंमत ऐका. त्या डब्यातून सगळ्यांत जास्त वेळा चिठ्ठी आली ती माझी. मी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा खाल्लेलं नाही, आणि दर दोन महिन्यांनी कप हातात घेऊन उभी. एकदा सिस्टर जेवायला गेली असताना मी डबा पालथा केला. माझ्या नावाच्या सहा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या पाच सिस्टरच्या अक्षरात. बाकी सगळ्यांची एकेक. मी त्या मोजल्या, परत टाकल्या, झाकण लावलं. पुढच्या वेळी नाव आलं तेव्हा निमूट गेले. तिने कप उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि तेच वाक्य बोलली.

सिस्टरचा नवरा वसईहून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. गाडीत मला सगळं ऐकू यायचं. “कधी येतेस?” “येते.” “पाठ आज बरी आहे.” “शेक घेतलास?” “तू ये मग घेतो.” फोन ठेवल्यावर ती खिडकीबाहेर बघत बसायची. जायला तिला कोणी अडवलं नव्हतं. मला वाटतं, “लिही” म्हणाल्याबद्दल तिने स्वतःलाही सोडलेलं नव्हतं.

मॅनेजरला मात्र आपण सुटलो असं वाटत होतं. त्याची चिठ्ठी चार वर्षांत दोनदा आली आणि दोन्ही वेळा दोन रेघा. सिस्टरने ते निकाल जसेच्या तसे लिहिले. मी म्हटलं, “सिस्टर, एक रेघ पुसायला काय लागतं?” ती इतकी भडकली की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. “खोटं तो लिहितो. मी नाही लिहीत. तो स्वतः येईल.”

आणि आला. ईदच्या सुट्टीला जोडून दहा दिवस बँकॉकला गेला होता. आल्यावर कँटीनमध्ये बसून मोबाइलवरचे फोटो दाखवत होता. “अरे, तिकडे रस्त्यावर दुकानं आहेत, भाजीसारखं मिळतं. एकदम क्लासी. आता तिकडे गेल्यावर माणूस काय मसाला दूध पिणार?” आजूबाजूचे हसले. सिस्टर शेजारच्या टेबलावर दहीभात खात होती. तिने भात संपवला, डबा धुतला आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, “सोमवारच्या चिठ्ठ्या मी लिहिते. तू नको लिहू.”

सोमवारी सकाळी तिने डबा माझ्या हातात दिला. मी झाकण किलकिलं करून बघितलं. सत्तर चिठ्ठ्या होत्या आणि सत्तरांवर एकच नाव. मी झाकण लावलं आणि डबा स्टोअरकीपरसमोर धरला. त्याने डोळे मिटले, चिठ्ठी काढली, वाचली, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला जन्मभर पुरेल. तुम्ही मला दुष्ट म्हणा. तितकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

मॅनेजर आधी हसला. मग म्हणाला, मीटिंग आहे. मग म्हणाला, लागत नाही. सिस्टर म्हणाली, “बसा ना साहेब. पाणी देते.” तीन तास बसवला. नकार दिला तर सापडल्यासारखंच धरायचं, हा नियम त्याचाच. शेवटी कप आला. पट्टी बुडवली. मी साक्षीदार म्हणून दारात उभी होते. एकच रेघ.

“सिस्टर, प्लीज,” तो म्हणाला. “मुलांची शाळा आहे. तिकडे घेतलं, ड्युटीवर नाही. हे आपल्यात राहू दे.”

सिस्टरने ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि पेन उघडून त्याच्यासमोर ठेवलं. “लिहा ना. बँकॉकला, सुट्टीत, सगळं खरं लिहा. आपल्यात राहील.”

त्याने पेनाला हात लावला नाही. त्या फॉर्मचं काय होतं ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

लॅबचा निकालही तोच आला. पत्र मीच टाइप केलं, सिस्टरच्या नवऱ्याच्या पत्राची जुनी फाइल उघडून, फक्त नाव बदलून. तसाच चार वाजता तोही गेला. मी धावत दवाखान्यात गेले. सिस्टर हात धूत होती. डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या तिने आधीच फाडून टाकल्या होत्या.

“झालं सिस्टर! खलास!” मी म्हटलं. ती नळ बंद करून टॉवेल शोधायला लागली. मग मला राहवलं नाही. “आता तरी म्हणा ना मला काहीतरी. चार वर्षं झाली. मी नुसतं टाइप केलं होतं.”

तिने हात पुसले. कपाटातून नवऱ्याच्या पत्राची प्रत काढली आणि तळाशी बोट ठेवलं. आमच्या प्रत्येक पत्राखाली छापल्याची वेळ येते, बारीक अक्षरात. सकाळी १०.०४.

“गाडी चारला आली,” सिस्टर म्हणाली. “त्याचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. दुपारचं मुंबईचं विमान होतं. तुझं टेबल इथून वीस पावलं आहे, बाय. सहा तासांत मला सांगायला तू एकदा उठली नाहीस. जेवायला उठलीस. माझ्याच शेजारी बसून जेवलीस.”

खरं होतं. त्या दिवशीही तिने मला डब्यातलं दिलं होतं आणि मी खाल्लं होतं.

महिन्याभरात तिने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी यार्डात सगळ्यांना मिठ्या मारल्या, स्टोअरकीपर रडला. माझ्याकडे आली तेव्हा मी हात पसरले. तिने त्यातला एकच हात धरला, मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळात बघितलं. मिनिटभर आम्ही तशाच उभ्या होतो.

“बीपी तपासून घे,” म्हणाली, आणि गाडीत बसली.

तपासलं. जास्त निघालं. गोळी चालू केल्याचं मी तिला वसईला मेसेज करून कळवलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही, आणि मी आता विचारतही नाही.