डेव्हिएशनवर पास

परमेश्वराने सृष्टी घडवली तेव्हा तपासणीच्या टेबलावर आमच्या कंपनीतले क्वालिटीवाले काका बसलेले असते, तर निम्मी सृष्टी लाल खडूची फुली घेऊन परत गेली असती, याबद्दल मला शंका नाही. भोसरीच्या कारखान्यात लेथवरून उतरलेला प्रत्येक सुटा भाग, म्हणजे जॉब, त्यांच्या हाताखालून जायचा. तो केसभर कमी भरला की फुली, आणि फुली मारली की रजिस्टरात नोंद: तारीख, मशीन, दोष आणि करणाऱ्याचं नाव. हा स्वभाव ते गेटवर ठेवून घरी जात असते तर ठीक होतं. चिंचवड गावठाणातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा काकांनी पानातली भाकरी उचलून उजेडाकडे धरली. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून माझ्या पानात वाढली आणि माझं जेवण होईपर्यंत त्यांना दुसरी दिली नाही. पुतण्याच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब एकेक करून हलवून पाहिले, म्हणून नवरीकडचे रुसले होते.

आमचा विभाग चाकणला हलणार असं ठरलं आणि या माणसाच्या आयुष्यात डेटाबेस शिरला. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की नव्या जागेत जुन्या रजिस्टरांना कपाट नाही. दिवाळीपर्यंत नोंदी कॉम्प्युटरवर चढवा, नाहीतर रद्दीवाल्याला बोलावतो. तीस वर्षांची रजिस्टरं होती. काकांची निवृत्तीही दिवाळीनंतरच होती. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरं वाटलं होतं, कारण बीडहून लेथवर नवखा टर्नर म्हणून आल्यापासूनची माझी सगळी पापं त्याच रजिस्टरांत होती. पण काकांचा चेहरा पाहून ते बरं वाटणं टिकलं नाही.

काकांनी स्वतः डेटाबेस शिकायचं ठरवलं, म्हणजे आधी पुस्तक पास करणं आलं. दर गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, काका मला घेऊन पुण्याला अप्पा बळवंत चौकात जात. पुस्तक ते शेवटून उघडत. मागच्या सूचीतले पाच शब्द निवडायचे आणि ते सांगितलेल्या पानावर खरंच आहेत का ते पाहायचं. एक जरी चुकला तरी अख्खा लॉट परत. एकवीस दिवसांत शिकवण्याचं वचन देणाऱ्या पुस्तकाबद्दल त्यांनी दुकानदाराला विचारलं, की बाविसाव्या दिवशी आलो नाही तर माल परत घेणार का. एक जाडजूड पुस्तक सगळ्या चाचण्यांतून सुटलं, पण त्यात उदाहरण कॉलेजचं निघालं. “हितं समदी पोरं पासच व्हत्यात,” काका म्हणाले. “नापासांचं काय करायचं, ते ह्यात न्हाई.”

सॉफ्टवेअरची परीक्षा तर याहून कडक होती. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक नोंद चढवायची, लगेच भिंतीवरचं बटण बंद करायचं, परत चालू करून ती नोंद शोधायची. आमच्याकडची लाइट ओळखणाऱ्या माणसाची ही चाचणी होती. पहिलं सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत चहा गार झाला, दुसऱ्याने नोंद गिळली. तिसरं फुकटचं होतं, आणि सगळा संसार एकाच फाइलीत मांडणारं; त्याने पाच वेळा बटणाचा मार खाल्ला आणि नोंद जशीच्या तशी परत दिली. काकांनी पडद्याच्या कोपऱ्यात पासचा हिरवा स्टिकर लावला. तोवर गणपती येऊन गेले होते आणि पुस्तक अजून पास व्हायचं होतं.

शेवटी मी दिघीला घरी येऊन मुलीचं डिप्लोमाचं डेटाबेसचं पुस्तक उचललं. त्याला कव्हर नव्हतं, दोन पानं गायब होती आणि समासात तिने मैत्रिणींची चित्रं काढली होती. ते नेऊन काकांपुढे ठेवलं. मी म्हणालो, “काका, आता निवडत बसलात तर रजिस्टरं जातील.” काकांनी बराच वेळ पानं उलटली. मग पिवळ्या स्टिकरवर सही करून त्यांनी ते जवळ घेतलं. “डेव्हिएशनवर घेऊ,” ते म्हणाले. आमच्या धंद्यात याचा अर्थ असा, की मालात खोट आहे हे ठाऊक आहे, पण काम होईल, आणि नाही झालं तर जबाबदारी माझी.

काका झपाटल्यासारखे शिकले. तक्ते त्यांनी स्वतः आखले आणि नोंदींसाठी माझी मुलगी टायपायला बसली. जुनी रजिस्टरं वाचायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे लेकीसमोर स्वतःचंच नाव दोषांसकट खणखणीत उच्चारायची पाळी माझ्यावर आली. ती खालमानेने हसत टाइप करायची. नवी रजिस्टरं काका वाचत.

दिवाळीआधीच्या गुरुवारी शेवटची नोंद चढली. काकांनी एका बोटाने पहिला प्रश्न टाइप केला, तोही माझ्याबद्दल: माझ्या नावावरचे सगळे रिजेक्ट जॉब. यादी पडद्यावरून खाली खाली जात राहिली. मग त्यांनी तोच प्रश्न फक्त गेल्या दहा वर्षांपुरता विचारला, तर पडदा कोरा. काकांनी चष्मा पुसला, बटण बंद केलं, चालू केलं आणि परत विचारलं. पुन्हा कोरा; दहा वर्षांत माझ्या नावावर एकही फुली नव्हती.

“बरोबर हाय,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मला वाटतच व्हतं. पण तपासल्याबिगर कसं सांगू, भावा?”

तीस वर्षांत त्यांनी मला भावा म्हटलेलं हे पहिल्यांदाच होतं. माझे डोळे भरून आले, ते मुलीने पाहिलं आणि काकांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता चाकणला कॅमेऱ्याचं मशीन जॉब तपासतं. ते अचूक आहे, तक्रार नाही. काका घरी भाकऱ्या तपासतात आणि मुलीचं पुस्तक हिरवा स्टिकर लागून परत आलं आहे. पण कधीकधी लेथवर हात ठेवला की वाटतं, एखादा जॉब मुद्दाम केसभर कमी करावा. म्हणजे काका लाल खडू घेऊन येतील.