तिच्या नावापुरतं

ड्रेस्डेनमध्ये पीएचडी करत असताना लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलून घ्यायला मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. माझ्यापुढे एक वृद्ध जर्मन गृहस्थ होते. वारलेल्या बायकोचा जुना कॉम्प्युटर ते कोटाच्या बाहीने सारखे पुसत होते.

दुकानदाराने सगळं नव्या डिस्कवर उतरवून तो सुरू केला. पडद्यावर बाईंचं नाव आलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"पासवर्ड?"

"मला माहीत नाही."

"मी काढून टाकतो. फोटो, पत्रं, सगळं उघडेल."

"नको," आजोबा हळूच म्हणाले. "तिने मला तो कधी सांगितला नाही. रोज सकाळी नाव दिसतं, तेवढं पुरे."

दुकानदाराने कॉम्प्युटर तसाच बंद करून त्यांच्या हाती दिला.

माझी पाळी आली. त्याने पासवर्ड विचारला, तेव्हा मला तो चटकन सांगवेना.