एकोणिसावी कबर

खैरओहोळच्या जुन्या कबरस्तानात लंकाबाई आढाव राहायची. तिच्याशी काही बोलायचं असलं तर कुंपणाबाहेरून बोलायचं, अशी गावाने रीतच पाडून घेतली होती. आत पाऊल टाकलं की आधी शिवी, मग खराटा, आणि त्यानंतर "काय काम हाय?" चिंचा पाडणारी पोरं, शेळ्या घुसवणाऱ्या बाया, सावलीला पत्ते कुटायला बसणारे रिकामटेकडे, सगळ्यांनी तो खराटा खाल्लेला. सोनईच्या बाजाराला निघालेली माणसं तिथून जाताना एकमेकांना म्हणायची, "लंका आली, शेपूट सांभाळा." ते तिला ऐकू जायचं, आणि पुढच्या बाजाराला ती त्याचं उट्टं काढायची.

चौदाव्या वर्षी एलियाशी लग्न होऊन ती आली ती थेट कबरस्तानाच्या फाटकाजवळच्या खोलीत. तिचे सासरे मिशनच्या साहेबांच्या कबरी खणायचे. मग एलिया खणू लागला, आणि एलिया गेल्यावर कुदळ तिने घेतली. बाईमाणसाने कबर खणावी का, यावर चर्चच्या पंचांनी दोन बैठका घेतल्या. दुसरं कुणी यायला तयार होईना, तेव्हा बैठका आपोआप थांबल्या. पुढे गावच्या ख्रिस्ती लोकांना ओढ्यापलीकडे पुरायला नवी जागा मिळाली, साहेब लोक एकेक करून मायदेशी गेले, आणि जुन्या जागी झाडलोट करायला लंकाबाई तेवढी उरली.

कबरस्तानाच्या वरच्या अंगाला साहेब, मडमा आणि त्यांची लेकरं घडीव दगडांखाली होती. खालच्या अंगाला, रस्त्याच्या कडेने, मिशनच्या नोकरांची एक रांग होती: खानसामा, आया, पहारेकरी. त्यांच्यावर ना दगड ना नाव, नुसते मातीचे उंचवटे, तेही वर्षागणिक बसत चाललेले. त्या रांगेच्या मावळतीच्या टोकाला, कडुनिंबापाशी, लंकाबाईची लिडिया होती. घटसर्पाने गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यानंतर लंकाबाईची कूस पुन्हा उजवली नाही. बत्तीस वर्षं ती रोज सकाळी लिडियाच्या उंचवट्यावरच्या सदाफुलीला तांब्याभर पाणी घालायची आणि मगच चूल पेटवायची.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेहून पत्र आलं. तिकडच्या काही धनवंतांनी एक फंड काढला होता. आपल्या देशाच्या माणसांनी परमुलखात जे बांधलं, जिथे ती मेली, त्या खुणा जपायला हा फंड अनुदान द्यायचा. खैरओहोळच्या कबरस्तानाला ते मंजूर झालं होतं. मिशनच्या शाळेतल्या कृपाबाईंनी पत्राचं मराठी करून रविवारच्या उपासनेनंतर वाचून दाखवलं. दगडी भिंत बांधायची, लोखंडी फाटक लावायचं, फाटकाबाहेर पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहायला जागा करायची, आणि यादीतल्या एकोणीस कबरी दुरुस्त करून प्रत्येकीवर नाव कोरायचं. मंडळी खूश झाली. भिंतीवर माणसं लागणार होती, फाटक नागापूरच्या कारखान्यात घडणार होतं, आणि उरल्यासुरल्यात चर्चचं गळकं छप्परही साधून घेता येईल, असं साळवे पाळकांनी हळूच सांगून टाकलं. नोकरांच्या रांगेबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लंकाबाईच्या लक्षात आलं ते छगन मिस्त्री टेप आणि चुन्याची पाटी घेऊन आला तेव्हा. भिंत कुठून जाणार ते दाखवायला त्याने चुन्याची फक्की मारली, ती वरच्या आणि खालच्या अंगाच्या बरोबर मधून. रांग भिंतीबाहेर पडली. तिच्यावर मुरूम टाकून रोलर फिरणार होता, आणि त्यावर मोटारी. लंकाबाईने फक्की खराट्याने झाडून टाकली. छगनने पुन्हा मारली. तिने पुन्हा झाडली. तिसऱ्या वेळी खराटा फक्कीवर न पडता छगनच्या पाठीवर पडला.

संध्याकाळी साळवे पाळक स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण साहेबाच्या कागदापुढे त्यांचा कणा पहिल्यापासूनच मऊ होता.

"लंकाबाई, काम फंडाचं आहे. आडव्या येऊ नका."

"माजी पोरगी हाय तिथं."

"असेल. पण नोंद कुठे आहे?"

"बाप्तिस्म्याच्या वहीत बगा. लिडिया एलिया. हाय का न्हाई?"

"बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. इथे पुरल्याची नाही. दगड नाही, कागद नाही. फंडाला मी पुरावा काय दाखवू?"

"मी हाय की पुरावा. ह्या हातांनी माती लोटलीय."

"नुसता तोंडी शब्द चालत नाही हो."

"तुमची आई गेली तवा मी कागद मागितला हुता का, पाळकसाहेब? मुकाट कुदळ घिऊन आले. तीन हात खनलं, वर मुरूम लागला हुता."

पाळकांचा चेहरा उतरला, पण फक्की तिथेच राहिली.

मग जी बाई जन्मात कुणाच्या दारात गेली नव्हती ती घरोघर फिरली. भिमाजीचा बाप मिशनचा खानसामा होता, त्याच रांगेत पुरलेला. ती भिमाजीकडे गेली. तो अंगणात पाटीला दोरी बांधत होता.

"भिमाजी, तुजा बाप हाय तिथं."

"बाप मेला त्येला वीस वर्षं झाली, मावशी. हितं चार पोटं जिती हायेत. मला भिंतीवर काम लागलंय."

"बापावरनं रोलर फिरंल."

"त्येला आता काय कळतंय?" म्हणत भिमाजी आत गेला.

बाकीच्यांनी तेवढंही ऐकून घेतलं नाही. कुणाची माणसं केडगावला जाऊन राहिलेली, कुणाला आजा कुठे पुरलाय हेच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना तिचा खराटाही आठवत होता. म्हातारी मेलेल्या पोरीपायी गावाच्या पोटावर पाय द्यायला निघालीय, असं बाया नळावर तिच्या तोंडावर बोलल्या. इतकी वर्षं तिने माणसं तोडली होती, ती आता कुठून जोडली जाणार? लंकाबाई गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "मढ्याच्या टाळूवरचं लोनी खाताय, पचनार न्हाई." तिच्या अंगावर दोन कुत्री सोडली गेली आणि ती घरी परत आली.

काम वरच्या अंगापासून सुरू झालं. यादी हातात घेऊन कृपाबाई एकेक नाव वाचायच्या आणि छगन दगड घासून ते शोधायचा. अठरा कबरी सापडल्या. एकोणिसावी सापडेना. एका जुन्या साहेबाची मुलगी, नाव ॲलिस, पटकीने गेलेली. त्या काळी लाकडी क्रूस रोवला असणार, तो वाळवीने केव्हाच खाल्ला होता. वरचं सगळं अंग उकरून झालं. तेवढ्यात फंडाचं दुसरं पत्र आलं: जानेवारीत आमचा माणूस पाहणीला येईल, त्याला एकोणीसच्या एकोणीस कबरी दिसल्या तरच पुढचं अनुदान सुटेल. भिंत अर्धी झाली होती आणि छगन मजुरीसाठी रोज पाळकांच्या दारात येऊन बसत होता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. साळवे पाळक कृपाबाईंना बरोबर घेऊन फाटकाजवळच्या खोलीपाशी आले. लंकाबाई ज्वारी निवडत होती. तिने त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुमच्या सासऱ्यांनी खणली असणार ती," पाळक म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नसेल असं होणार नाही."

तिला ठाऊक होतं. जगात आता तिला एकटीलाच ठाऊक होतं. नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्याने बोट करून दाखवलं होतं: पटकीचं मढं म्हणून भीतीने साहेबाच्या लेकीला वर जागा दिली नाही, नोकरांच्या रांगेच्या उगवतीच्या टोकाला, फाटकापाशी पुरली. म्हणजे फक्कीबाहेर. मुरमाखाली जाणारी.

"कितीची हुती?" लंकाबाईने विचारलं.

कृपाबाईंनी यादी पाहिली. "चार वर्षांची, मावशी."

लंकाबाईचा हात ज्वारीतच थांबला. त्या पोरीची आई, ती मडम, तिने पाहिली नव्हती, पण पोटचं पोर फाटकापाशी टाकून जहाजात बसताना तिचं काय झालं असेल ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिला त्या बाईची दया आली. लाजही वाटली. पण दोघी पोरींतली एकच भिंतीच्या आत येणार होती, आणि त्यांतली तिची एकच होती.

ती उठली. फाटकाजवळून जाताना तिने खाली पाहिलं नाही. रांगेच्या कडेकडेने कडुनिंबापाशी गेली आणि सदाफुलीजवळ खराट्याची मूठ जमिनीवर आपटली.

"हितं."

कृपाबाई त्या फुलांकडे बघत राहिल्या. तिथे रोज सकाळी पाणी घालणारी म्हातारी त्यांनी शाळेत जाता-येता पाहिली होती. पाळकांनाही सगळं समजलं.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्यानं खनलेली हाय. लिवा."

पाळकांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. नोंद मागितली नाही, दगड मागितला नाही, कागद मागितला नाही. स्वतःच्या लेकीसाठी ज्या बाईचा शब्द मातीमोल होता, तिचाच शब्द साहेबाच्या लेकीसाठी सोळा आणे खरा ठरला. तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही हे कळत होतं, आणि पाळकांनी पेनाचं टोपण लावताना मान वर केली नाही.

"मावशी," कृपाबाई हळूच म्हणाल्या, "वर नाव दुसरीचं येईल."

"यिऊ दे. रोलर तर न्हाई यायचा."

छगनने भिंतीला तेवढ्यापुरता कोपरा काढला आणि कडुनिंबाची जागा आत घेतली. बाकीच्या रांगेवर मुरूम पडला. रोलर फिरला त्या दिवशी भिमाजी पाट्या टाकायला होता. लंकाबाई दार लावून बसली. रोलर उगवतीच्या टोकाला आला, तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. नंतर बाहेर येऊन पाहिलं तर कडुनिंबाखाली घोटीव काळा दगड बसला होता, त्यावर इंग्रजी अक्षरं होती, आणि झुडूप म्हणून छगनने सदाफुली उपटून भिंतीबाहेर फेकली होती. तिने छगनला इतक्या शिव्या दिल्या की तो मजुरी न घेताच पळाला.

जानेवारीत फंडाचा साहेब आला. नगरहून केलेली टॅक्सी फाटकाबाहेर मुरमावर उभी राहिली. साहेब म्हातारा, काटकुळा, डोक्यावर टोपी. त्याने अठरा कबरी भरभर पाहिल्या आणि एकोणिसावीपाशी मात्र बराच वेळ थांबला. मग खराटा घेऊन उभ्या असलेल्या लंकाबाईकडे वळून काहीतरी बोलला.

कृपाबाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, दगड नसताना तुम्ही या लेकराची जागा सांभाळलीत. तिच्या आईच्या वतीने ते तुमचे आभार मानतात."

"बरं."

"आणि विचारतायत, तुम्हाला मूलबाळ?"

लंकाबाईने इतक्या महिन्यांत सगळ्याचा विचार केला होता. कुणी विचारलंच तर सासऱ्याचं नाव कसं सांगायचं, कुठे बोट दाखवायचं, सगळ्याचा. हा प्रश्न तेवढा तिच्या मनात आला नव्हता. नाही म्हणावं तर जीभ उचलेना. तिचं पोर तिच्यापासून दोन हातांवर होतं.

"हुती एक," ती म्हणाली. मग तिला एकदम संताप आला, साहेबाचा, पाळकांचा, त्या गुळगुळीत दगडाचा. तिने खराटा उचलून फाटकाकडे केला. "ती तिकडं हाय. ह्येंच्या मोटारीखाली. सांग त्येला."

कृपाबाईंनी सांगितलं. साहेबाचा चेहरा पांढरा पडला. त्याने पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी आपल्या बुटांकडे. साहेब लांब लांब ढांगा टाकत बाहेर गेला आणि ड्रायव्हरला टॅक्सी हलवायला लावली. मोटार गेल्यावर तो त्या रिकाम्या मुरमावर उभा राहिला, टोपी काढून दोन्ही हातांत धरली, आणि डोळे मिटले. उभा होता तो बरोबर उगवतीच्या टोकाला. ज्या ॲलिसची कबर बघायला सात समुद्र ओलांडून आला तिच्याच उशाशी तो उभा होता, आणि हे लंकाबाईशिवाय तिथे कुणालाही माहीत नव्हतं. आपल्याला आता बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

साहेब परत आला. त्याचे डोळे ओले होते. तो बराच वेळ कृपाबाईंशी बोलला.

"ते म्हणतात," कृपाबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीसाठी ते तिथेही दगड बसवून देतील. फंडातून नाही, स्वतःच्या खर्चाने. त्यावर नाव कोरायचं आहे. तिचं नाव काय, विचारतायत."

साहेब वही उघडून उभा होता. लंकाबाईच्या ओठांपर्यंत नाव आलं. बत्तीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, आणि आज विचारलं ते दुसरीच्या अंगावर घालायला. एकीचं नाव दुसरीवर तिने एकदा टाकलं होतं. आता हेही टाकलं तर लिडिया कुठेच उरत नव्हती.

"नाव न्हवतं तिला," ती म्हणाली.

"मावशी..."

"नाव ठिवायच्या आदीच गेली. तसं सांग."

कृपाबाईंनी तसं सांगितलं. साहेबाने मान हलवली आणि वहीत तेवढंच लिहून घेतलं.